मधलं पद फोडायचे आकडे सुचावे लागत नाहीत, काढता येतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीला वर्ग त्रिपदीचे अवयव पाडायला तुम्ही घरी शिकवता. क्ष² + ५क्ष + ६ सारखी उदाहरणं ती पटापट करते, पण १२क्ष² − २३क्ष − २४ आलं की अडते. तुम्ही वहीत −३२ आणि +९ लिहून दाखवता, तेव्हा ती विचारते, "आई, हे आकडे तुला कुठून सुचले?" आणि "सरावाने सुचतात" यापलीकडे तुमच्याकडे उत्तर नसतं. शिवाय अवयव पडतच नसतील तर शोधाशोध कधी थांबवायची, हेही तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि त्याला खरं उत्तर आहे. मी बरीच वर्षं बीजगणित शिकवतो. ज्या मुलांचं या प्रकरणाशी बिनसतं, त्यांच्यातल्या बहुतेकांची समजूत अशी झालेली असते की अवयव पाडणं म्हणजे आकडे अचूक ताडण्याची कला; ती काहींना उपजत येते, काहींना येत नाही. ही समजूत आधी काढून टाकायला हवी. उत्तर जरा लांबणार आहे, कारण नुसती रीत सांगून भागणार नाही. रीत का चालते तेही सांगायचं आहे.

सुरुवात उलट्या टोकाने करा. अवयव पाडणं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तिला दोन कंस गुणायला सांगा:

(३क्ष − ८)(४क्ष + ३)

चार गुणाकार होतात. ३क्ष × ४क्ष = १२क्ष², ३क्ष × ३ = ९क्ष, −८ × ४क्ष = −३२क्ष आणि −८ × ३ = −२४. मधली दोन पदं सजातीय, म्हणून ती एकत्र होतात आणि १२क्ष² − २३क्ष − २४ उरतं. माहिती हरवते ती नेमकी या शेवटच्या पायरीत. +९ आणि −३२ हे दोन वेगळे आकडे होते, ते −२३ मध्ये मिसळून गेले. अवयव पाडताना हे मिसळलेले दोन आकडे पुन्हा वेगळे करायचे असतात. ते झाले की बाकीचं काम यांत्रिक आहे.

पण −२३ चे तुकडे तर हवे तितके पाडता येतात: −२० आणि −३, −२४ आणि १, −१०० आणि ७७. मग +९ आणि −३२ हीच जोडी कशी ओळखायची? पुन्हा गुणाकाराकडे पाहा. ९ आला तो ३ × ३ मधून, −३२ आला तो −८ × ४ मधून. या दोघांचा गुणाकार केला तर त्यात कंसांतले चारही आकडे येतात: ३, −८, ४ आणि ३. आता टोकाची पदं बघा. १२ आला ३ × ४ मधून आणि −२४ आला −८ × ३ मधून. त्यांच्या गुणाकारातही तेच चार आकडे. म्हणून

९ × (−३२) = १२ × (−२४) = −२८८

आकडे तेच, जोड्या तेवढ्या वेगळ्या लागल्या. "पहिला सहगुणक आणि शेवटचं पद यांचा गुणाकार करा, मग त्याचे असे दोन अवयव शोधा की त्यांची बेरीज मधल्या पदाइतकी येईल" हा नियम मुलं घोकतात, पण १२ ला −२४ ने गुणायचंच कशासाठी, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. मुलीला स्वतःच्या मनाने कंसांच्या चार-पाच जोड्या बनवू द्या, गुणू द्या, आणि प्रत्येक वेळी मधली पदं एकत्र करण्याआधी त्यांचा गुणाकार टोकांच्या गुणाकाराशी पडताळून पाहायला सांगा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही.

म्हणजे अक्ष² + बक्ष + क या त्रिपदीसाठी आपल्याला म आणि न असे दोन आकडे हवेत, ज्यांची बेरीज ब आणि गुणाकार अ × क. यापुढचं सगळं या दोन अटींतूनच निघतं.

म आणि न मिळाले की मधलं पद मक्ष + नक्ष असं फोडायचं आणि चार पदांचे दोन-दोनचे गट पाडायचे. हे गट पाडताना एक शंका चौकस मुलांना हमखास येते: दोन्ही गटांतून सामाईक अवयव काढल्यावर आतला कंस सारखाच येईल, याची खात्री काय? खात्री त्याच गुणाकारात आहे. म × न = अ × क याचाच अर्थ अ : म = न : क. पहिल्या गटात, अक्ष² + मक्ष मध्ये, सामाईक काढल्यावर कंसात उरतं ते अ : म हे गुणोत्तर. दुसऱ्या गटात उरतं न : क. दोन्ही एकच, म्हणून कंसही एकच. आपल्या उदाहरणात १२ : −३२ म्हणजे ३ : −८ आणि ९ : −२४ म्हणजेही ३ : −८.

१२क्ष² − ३२क्ष + ९क्ष − २४
= ४क्ष(३क्ष − ८) + ३(३क्ष − ८)
= (३क्ष − ८)(४क्ष + ३)

मधली दोन पदं अदलाबदल करून लिहिली तरी चालतं. ९क्ष आधी घेतलं तर ३क्ष(४क्ष + ३) − ८(४क्ष + ३) होतं आणि उत्तर तेच येतं. कोणतं आधी लिहायचं यावर मुलं उगाच वेळ घालवतात. तिला एकदा दोन्ही क्रमांनी करून दाखवा.

आता मुलीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. −२८८ चे दोन अवयव, बेरीज −२३. बहुतेक मुलं १ × २८८, २ × १४४, ३ × ९६ अशी यादी करत सुटतात. २८८ ला अवयवांच्या एकूण ९ जोड्या आहेत आणि या क्रमाने गेलं तर हवी ती जोडी सातवी येते. यादी करणं चूक नाही, पण यादी करण्याआधी २३ कडे नीट पाहिलं तर तिची जवळजवळ गरजच पडत नाही.

२८८ चे मूळ अवयव पाडा: २ × २ × २ × २ × २ × ३ × ३. पाच वेळा २ आणि दोन वेळा ३. हे सात अवयव म आणि न मध्ये वाटायचे आहेत. २३ विषम आहे. दोन पूर्णांकांची बेरीज विषम असेल तर त्यांतला एक सम आणि एक विषम असतो, आणि विषम संख्येत २ एकदाही असू शकत नाही. म्हणजे पाचही २ एकाच बाजूला गेले पाहिजेत. ते वेगळे होऊच शकत नाहीत. आता ३ चं बघा. २३ ला ३ ने भाग जात नाही. एक ३ इकडे आणि एक तिकडे गेला असता तर दोन्ही आकडे ३ च्या पटीत आले असते आणि त्यांची बेरीजही ३ च्या पटीत आली असती. तसं नाही, म्हणून दोन्ही ३ सुद्धा एकत्रच राहणार. आता वाटायला दोनच गठ्ठे उरले, ३२ आणि ९. ते एकाच बाजूला ठेवले तर २८८ आणि १, वेगळे ठेवले तर ३२ आणि ९. गुणाकार ऋण आहे, म्हणून चिन्हं विरुद्ध. म्हणून २३ हा दोघांमधला फरक असायला हवा. २८८ − १ = २८७, जमत नाही. ३२ − ९ = २३. झालं.

नऊ जोड्यांच्या दोन झाल्या आणि कुठेही अंदाज लावला नाही. मुलीने पुन्हा विचारलं की आकडे कुठून आले, तर हे दाखवा. माझ्या अनुभवात या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, आणि ती फारशी शिकवली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण सम-विषम आणि भागाकाराच्या कसोट्यांपलीकडे तिला काहीही लागत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच कामाची आहे. एखादी मूळ संख्या गुणाकार आणि बेरीज दोघांनाही भागत असेल, तर ती म आणि न दोघांनाही भागते. गुणाकाराला भागते म्हणजे निदान एकाला भागते. आणि बेरजेलाही भागते म्हणजे मग दुसऱ्यालाही भागलीच पाहिजे. क्ष² + ३४क्ष + २४० घ्या. २ दोन्हींना भागतो, तर दोन्ही आकडे सम. त्यांचे निम्मे शोधू: बेरीज १७, गुणाकार ६० (२४० ला ४ ने भागायचं, कारण दोन्ही आकडे निम्मे झाले). ६० म्हणजे ४, ३ आणि ५ हे गठ्ठे; १७ विषम म्हणून ४ फुटत नाही. १२ आणि ५ लगेच दिसतात. दुप्पट करा, २४ आणि १०. अवयव (क्ष + २४)(क्ष + १०).

आणि इथेच "अवयव पडत नाहीत" हे ओळखण्याची पहिली खूण मिळते. क्ष² + ६क्ष + १० पाहा. २ दोन्हींना भागतो, म्हणून दोन्ही आकडे सम असायला हवेत, म्हणजे गुणाकार ४ च्या पटीत हवा. १० तसा नाही. काम तिथेच संपलं, एकही जोडी तपासायची गरज नाही. हीच युक्ती मोठ्या घातांच्या बहुपदींसाठी आयझेनस्टाइनचा निकष म्हणून ओळखली जाते. आयझेनस्टाइन यांनी तो १८५० मध्ये मांडला, त्याआधी १८४६ मध्ये शोनेमान यांनीही मांडला होता. विद्यापीठात शिकवतात त्या निकषाचं सर्वांत छोटं रूप शाळेतल्या त्रिपदीत असं सापडतं.

चिन्हांबद्दल फार बोलत नाही. गुणाकार धन असेल तर दोन्ही आकड्यांचं चिन्ह एकच आणि ते मधल्या पदाचं. गुणाकार ऋण असेल तर चिन्हं विरुद्ध आणि मोठ्या आकड्याला मधल्या पदाचं चिन्ह.

आकडे मोठे असले आणि मूळ अवयव पाडायचा कंटाळा येत असेल, तर थेट काढायची वाट आहे. दोन आकड्यांची बेरीज माहीत असेल तर त्यांची सरासरीही माहीत असते. क्ष² − ५८क्ष + ८०५ मध्ये दोन आकड्यांची बेरीज ५८ (दोन्ही ऋण, चिन्ह शेवटी लावू), म्हणून सरासरी २९. एक आकडा २९ पेक्षा जितका कमी, तितकाच दुसरा २९ पेक्षा जास्त. ते अंतर द मानू. मग गुणाकार (२९ − द)(२९ + द) = ८४१ − द². तो ८०५ हवा, म्हणून द² = ३६, द = ६. आकडे २३ आणि ३५. अवयव (क्ष − २३)(क्ष − ३५). ८०५ चे अवयव पाडावेच लागले नाहीत. बेरीज आणि गुणाकार दिला असता निम्म्या बेरजेपासून सुरुवात करून दोन संख्या काढायची ही रीत बाबिलोनी मृत्तिकाफलकांवरही आहे, आणि ते फलक इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या काळातले आहेत. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातले गणितज्ञ पो-शेन लोह यांनी वर्गसमीकरणं शिकवण्याची सोपी रीत म्हणून ती नव्याने पुढे आणली, तेव्हापासून पुष्कळ शिक्षक ती वापरू लागले आहेत.

बेरीज विषम असली की निम्मे करताना अपूर्णांक येतो. तो नको असेल तर सरासरीपासूनच्या अंतराऐवजी म आणि न यांच्यातला पूर्ण फरक काढा. विस्तारसूत्रं लिहून पाहिली की दिसतं:

(म − न)² = (म + न)² − ४मन

उजवीकडे म + न च्या जागी ब आणि मन च्या जागी अ × क घाला. मिळतं ब² − ४अक. वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली बसलेला विवेचक तो हाच! आपण शोधत असलेल्या दोन आकड्यांमधल्या फरकाचा वर्ग म्हणजे विवेचक. मुलं विवेचक शिकतात, मधलं पद फोडायलाही शिकतात, पण दोन्ही गोष्टी एकच आहेत हे बहुतेकांना वर्षअखेरपर्यंत कळत नाही.

आपल्या उदाहरणात ब² − ४अक = ५२९ + ११५२ = १६८१ = ४१². म्हणजे दोन आकड्यांची बेरीज −२३ आणि फरक ४१. बेरीज आणि फरक मिळवून निम्मे करा, ९. वजा करून निम्मे करा, −३२. पुन्हा तीच जोडी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं पुरं उत्तरही यातच आलं. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग असेल, तर पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडतातच. नसेल, तर पडत नाहीत, कितीही शोधलं तरी. शंका आली की आधी विवेचक काढायचा. एक छोटी गोष्ट राहते: बेरीज आणि फरक मिळवून निम्मे केल्यावर अपूर्णांक येणार नाही कशावरून? विवेचक आणि ब² यांच्यात ४अक चा फरक आहे, म्हणजे दोन्ही सम तरी असतात किंवा दोन्ही विषम. म्हणून ब आणि फरक हेही दोन्ही सम किंवा दोन्ही विषम, आणि त्यांची बेरीज नेहमी सम.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट मला फार सुंदर वाटते, म्हणून थोडं तिथे थांबतो. वर्गसमीकरण सोडवण्याची श्रीधराचार्यांची एक रीत आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातल्या आपल्या बीजगणितात तो नियम श्रीधरांच्या नावाने उद्धृत केला म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. नियम असा: दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. आपण हे समीकरणाऐवजी नुसत्या त्रिपदीला लावू. त्रिपदीला ४अ ने गुणलं की

४अ(अक्ष² + बक्ष + क) = (२अक्ष + ब)² − (ब² − ४अक)

उजवीकडे एक पूर्ण वर्ग आणि त्यातून वजा होणारा विवेचक. विवेचकही पूर्ण वर्ग असेल तर हा निव्वळ दोन वर्गांचा फरक झाला, आणि दोन वर्गांच्या फरकाचे अवयव सातवी-आठवीतलं मूलही पाडतं. आपलं उदाहरण घालून पाहा. ४ × १२ = ४८.

४८(१२क्ष² − २३क्ष − २४) = (२४क्ष − २३)² − ४१²
= (२४क्ष − ६४)(२४क्ष + १८)
= ८(३क्ष − ८) × ६(४क्ष + ३)

८ × ६ = ४८, दोन्ही बाजूंनी गेले, आणि उरले तेच अवयव. म्हणजे कोणतीही वर्ग त्रिपदी घ्या, तिचे अवयव पाडणं हे शेवटी दोन वर्गांच्या फरकाचे अवयव पाडणंच आहे. अपूर्णांक एकदाही आला नाही. ४ ने गुणण्याचं कारण तेच: मधलं पद निम्मं करताना अपूर्णांक येऊ नये. पूर्ण वर्ग करण्याच्या शाळेतल्या रीतीत बक्ष ला २अ ने भागताना मुलं अपूर्णांकांत अडकतात. त्यांना मी श्रीधरांची रीत देतो आणि काम हलकं होतं.

एक आडवाटेची युक्ती हल्ली बरीच फिरते, तुमच्या मुलीच्या कानावरही येईल. ६क्ष² − क्ष − १२ असेल तर ६ उचलून शेवटच्या पदाला गुणायचा, क्ष² − क्ष − ७२ चे अवयव (क्ष − ९)(क्ष + ८) पाडायचे, मग ९ आणि ८ ला ६ ने भागायचं, ३/२ आणि ४/३, आणि छेद क्ष ला लावून (२क्ष − ३)(३क्ष + ४) लिहायचं. उत्तर बरोबर येतं, पण मधल्या ओळी एकमेकींना समान नाहीत, म्हणून उत्तरपत्रिकेत तशा लिहिल्या तर गुण जातात आणि ते योग्यच आहे. खरं कारण असं की राशीला ६ ने गुणलं की (६क्ष)² − (६क्ष) − ७२ मिळतं. ६क्ष ला एकच अक्षर मानलं तर (६क्ष − ९)(६क्ष + ८), म्हणजे ३(२क्ष − ३) × २(३क्ष + ४), आणि ६ परत काढून टाकला. कारण समजलं असेल तर युक्ती खुशाल वापरू द्या.

आता चुका कुठे होतात ते. पहिली आणि सर्वांत जास्त दिसणारी: सामाईक अवयव आधी न काढणं. १८क्ष² − ६०क्ष + ५० घेतलं आणि सरळ ९०० चे −३० आणि −३० असे तुकडे केले, तर ६क्ष(३क्ष − ५) − १०(३क्ष − ५), म्हणजे (६क्ष − १०)(३क्ष − ५) येतं. गुणाकार बरोबर आहे, पण पहिल्या कंसात २ अजून लपलेला आहे. पूर्ण उत्तर २(३क्ष − ५)². आधीच २ बाहेर काढला असता तर ९क्ष² − ३०क्ष + २५ हा पूर्ण वर्ग समोरच दिसला असता आणि ९०० च्या वाटेलाही जावं लागलं नसतं.

दुसरी चूक दुसऱ्या गटाच्या चिन्हाची. १०क्ष² − १९क्ष + ६ मध्ये −१५ आणि −४ मिळाल्यावर १०क्ष² − १५क्ष − ४क्ष + ६ लिहितात ते बरोबर, आणि पुढच्या ओळीत ५क्ष(२क्ष − ३) − २(२क्ष + ३) करून बसतात. ऋण चिन्ह बाहेर काढलं की आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं. कंस जुळत नाहीत हे दिसताच "अवयव पडत नाहीत" असा निष्कर्ष काढणारी मुलंही मी पुष्कळ पाहिली आहेत. जोडी बरोबर असेल तर कंस जुळलेच पाहिजेत, हे वर सिद्ध केलं आहे. नाही जुळले तर चिन्हात चूक आहे, दुसरं काही नाही.

तिसरी चूक राशी आणि समीकरण यांची सरमिसळ. १८क्ष² − ६०क्ष + ५० = ० असेल तर २ ने भागून टाकता येतो. नुसती राशी असेल तर २ टाकता येत नाही, तो बाहेर लिहून ठेवावाच लागतो. आणि अवयव पाडा असं विचारलं असताना शेवटी क्ष = ५/३ लिहायचं नसतं. याच गोंधळातून (क्ष − ३)(क्ष − २) = १२ पाहून क्ष − ३ = १२ लिहिलं जातं. गुणाकार शून्य असेल तरच एक अवयव शून्य असतो. बारा अनेक प्रकारे होतो. इथे १२ डावीकडे आणून क्ष² − ५क्ष − ६ = ० करायचं, मग (क्ष − ६)(क्ष + १) = ०.

पडताळा घ्यायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा, आणि त्यासाठी सगळं पुन्हा गुणायची गरज नाही. क्ष च्या जागी १ घाला. १२ − २३ − २४ = −३५, आणि कंसांत (३ − ८)(४ + ३) = −३५. दहा घातले तर आणखी पक्कं: १२०० − २३० − २४ = ९४६ आणि २२ × ४३ = ९४६. एका किमतीने चूक निसटू शकते, दोन किमतींनी क्वचितच निसटते.

क्ष = १ घालण्याचा आणखी एक फायदा आहे. सहगुणकांची बेरीज शून्य आली तर (क्ष − १) हा अवयव असतोच. ७क्ष² − १९क्ष + १२ मध्ये ७ − १९ + १२ = ०, म्हणून एक कंस (क्ष − १) आणि दुसरा टोकांवरून लगेच (७क्ष − १२). तसंच पहिला आणि शेवटचा मिळून मधल्याइतका होत असेल तर (क्ष + १). ५क्ष² + १७क्ष + १२ म्हणजे (क्ष + १)(५क्ष + १२). शोधाला बसण्याआधी या दोन नजरा टाकायला काही सेकंद लागतात.

दोन चलांच्या राशीला मुलं उगाच बिचकतात. २क्ष² − ५क्षय − १२य² मध्ये य कडे काही क्षण दुर्लक्ष करा. गुणाकार −२४, बेरीज −५, आकडे −८ आणि ३. अवयव (क्ष − ४य)(२क्ष + ३य). क्ष⁴ − १३क्ष² + ३६ मध्येही तेच, क्ष² ला एक अक्षर मानायचं: (क्ष² − ४)(क्ष² − ९). पण इथे थांबू नका, दोन्ही कंस पुढे फुटतात.

"अवयव पडत नाहीत" हे वाक्य अपुरं आहे, हेही तिला केव्हातरी सांगायला हवं. कोणत्या संख्या वापरून पडत नाहीत? क्ष² + ६क्ष + ७ चा विवेचक ८, पूर्ण वर्ग नाही, म्हणून पूर्णांकांत अवयव नाहीत. पण (क्ष + ३)² − २ असं लिहिलं की (क्ष + ३ − √२)(क्ष + ३ + √२) मिळतातच. विवेचक ऋण असेल, जसा क्ष² + ६क्ष + १० मध्ये −४ आहे, तर वास्तव संख्यांतही पडत नाहीत, कारण (क्ष + ३)² + १ कधी शून्य होत नाही.

शेवटी सरावाचं. पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक त्रिपदीचे अवयव पडतात, कारण ती तशी निवडलेली असते, आणि त्यामुळे मुलांना वाटतं की अवयव पडणं हाच नियम. क्ष² + १०क्ष + क घ्या आणि क मध्ये १ ते २५ सगळे आकडे घालून बघायला सांगा. पंचवीसपैकी पाचच जमतात: ९, १६, २१, २४ आणि २५. ती हे १ + ९, २ + ८, ३ + ७, ४ + ६, ५ + ५ असं मोजेल. मग २५ मधून हे आकडे वजा करायला सांगा: १६, ९, ४, १, ०. सरासरी ५ आणि तिच्यापासूनचं अंतर, दोन्ही तिला स्वतःच्या वहीत दिसतील. पुढे क ऋण घेऊ द्या. −११, −२४, −३९, −५६, ही यादी संपतच नाही. धन बाजूला पाचच आणि ऋण बाजूला अगणित, असं का, हे मात्र तुम्ही सांगू नका. एवढं सगळं हाताने केल्यावर ते तिचं तिला काढता येईल.